चारचौघांत कोणी वाट्टेल ते बोललं, तर ती अब्रुनुकसानी होते का? पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

भांडण रंगात आलं की ‘अब्रुनुकसानीचा दावा ठोकीन’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. खरोखर ठोकणारे थोडेच. त्यातल्याही बऱ्याच जणांना वकिलासमोर बसल्यावर कळतं की आपल्याला सगळ्यात जास्त झोंबलेलं वाक्य कायद्याच्या काहीच कामाचं नाही, आणि ज्याकडे आपण दुर्लक्ष केलं तेच कामाचं आहे.

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार असताना वार्षिक सभेत एका सभासदाने माझ्यावर तोंडसुख घेतलं. त्यानंतर जे काही करावं लागलं, ते सरळ क्रमाने सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही. मी वकील नाही. नोटीस आणि फिर्याद वकिलाकडूनच करून घ्या. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपलं प्रकरण कुठे बसतं एवढं कळलं, तरी अर्धा मनस्ताप वाचतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीची कलमं ४९९ आणि ५०० आता कलम ३५६ मध्ये एकत्र आली आहेत. व्याख्या जवळपास शब्दशः तीच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यात आता समाजसेवेच्या शिक्षेची भर पडली आहे. प्रसंग १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी कलमंच लागू होतात.

१. त्याच दिवशी वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा

घरी आल्यावर पहिलं काम हेच. वही घ्या आणि समोरचा काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘त्याने माझी बदनामी केली’, ‘खूप घाण बोलला’ हे लिहून उपयोग नाही. कोणत्या भाषेत बोलला, तुमचं नाव घेतलं का, घेतलं तर कसं, कोणाकडे बघून बोलला, त्याआधी तुम्ही काय म्हणाला होता, तेव्हा खोलीत कोण कोण होतं, हे सगळं लिहा. तारीख, वेळ आणि जागा टाका. स्वतःला अडचणीचं वाटणारं वाक्यही गाळू नका. ते समोरचा वकील काढणारच आहे, तुमच्या वकिलाला आधी कळलेलं बरं.

तोंडी बदनामीत सगळं प्रकरण या शब्दांवर उभं राहतं. छापील मजकूर सहा महिन्यांनीही तसाच असतो. बोललेलं वाक्य मात्र प्रत्येक साक्षीदाराच्या डोक्यात थोडं थोडं बदलत जातं.

२. शिव्या एका बाजूला काढा, आरोप दुसऱ्या बाजूला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मी वकिलांकडे दोन पानं भरून घेऊन गेलो होतो. ‘नालायक’, ‘निर्लज्ज’, ‘बिनकामाचा माणूस’, आणखी काही इथे न लिहिण्यासारखं. त्यांनी पेन घेऊन एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. दोन पानांत शेवटी एका वाक्याखाली रेघ उरली: ‘लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे आले आणि महिन्याभरात यांच्या घराला रंग लागला, हिशोब कशाला विचारता!’ मला ते त्या वेळी टोमणा वाटलं होतं. ‘निर्लज्ज’ हा शब्द मात्र रात्रभर डोक्यात घुमत होता.

कायदा विचारतो ते इतकंच: हे वाक्य ऐकून एखाद्या शहाण्या, तटस्थ माणसाच्या मनात तुमच्याबद्दल काही *माहिती* जमा झाली का? ‘नालायक’ ऐकून ऐकणाऱ्याला बोलणारा चिडलाय एवढंच कळतं. रंगाच्या वाक्यातून त्याला कळतं की खजिनदाराने पैसे खाल्ले. पहिली शिवी आहे, दुसरा आरोप. रागाच्या भरात दिलेल्या निव्वळ शिवीगाळीला न्यायालयं सहसा अब्रुनुकसानी मानत नाहीत, कारण ऐकणारे ती खरी धरून चालत नाहीत.

कलमातल्या चौथ्या स्पष्टीकरणात याची चौकट दिली आहे. इतरांच्या नजरेत तुमची नैतिक किंवा बौद्धिक पातळी खाली येते का? तुमच्या जातीच्या किंवा व्यवसायाच्या संदर्भात तुमचं चारित्र्य खाली येतं का? तुमची पत जाते का? तुमच्या शरीराची अवस्था किळसवाणी किंवा लाजिरवाणी आहे असं लोकांना वाटेल का? यापैकी एखाद्या प्रश्नाला ‘हो’ यायला हवं. आणि ‘इतरांच्या नजरेत’ हे शब्द विसरू नका. तुम्हाला स्वतःला किती लागलं, याला या कलमात जागा नाही.

म्हणून ‘डॉक्टर मूर्ख आहे’ आणि ‘या डॉक्टरने पदवी विकत घेतली’ यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. ‘काय भिकारडं जेवण केलंय’ हे मत झालं. ‘हा केटरर शिळं अन्न गरम करून वाढतो’ हा आरोप झाला. वकिलाला ‘खोटारडा’ म्हणणं आणि ‘पैसे घेऊन समोरच्या पक्षाला मिळाला’ म्हणणं, हेही तसंच.

आरोप सरळच असावा लागतो असं नाही. उपरोधही चालतो. कायद्यात दिलेलं उदाहरणच बघा: कोणी म्हणालं की ‘अमुक फार प्रामाणिक माणूस आहे, त्याने तमुकचं घड्याळ कधीच चोरलं नाही’, आणि हेतू असा की लोकांनी उलटं समजावं, तर ती अब्रुनुकसानी. त्याच्याच पुढच्या उदाहरणात शब्दही नाहीत. घड्याळ कोणी चोरलं असं विचारल्यावर नुसतं एकाकडे बोट दाखवलं, तरी पुरे. आपल्याकडे सभेत, लग्नात, कट्ट्यावर बहुतेक बदनामी याच पद्धतीने होते, त्यामुळे ‘नाव कुठे घेतलं मी?’ हा बचाव ऐकून लगेच हार मानू नका.

आणखी एक पळवाट नेहमीची. ‘मी नाही म्हणत, लोक म्हणतात.’ दुसऱ्याने केलेला आरोप पुढे सांगणारा स्वतःही जबाबदार असतो.

३. तिसऱ्या माणसाने ऐकलं का?

तुम्ही दोघंच खोलीत होता आणि तो तुम्हाला चोर म्हणाला, तर अब्रुनुकसानी नाही. अपमान झाला, पण लोकांच्या नजरेतली तुमची जागा हलली नाही. आरोप तिसऱ्या माणसापर्यंत पोचायला हवा, आणि त्याला तो समजायलाही हवा. समोरचा कन्नडमध्ये बोलला आणि आसपास कोणालाच कन्नड येत नसेल, तर पोचलंच नाही.

याबाबत पाटणा उच्च न्यायालयाचा १९५८ चा एक निकाल वकील मंडळी हमखास सांगतात. ज्याला पत्र पाठवलं त्याला उर्दू येत नव्हतं, पत्र उर्दूत होतं, म्हणून त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. पाठवणाऱ्याला ही अडचण ठाऊक होती असं सिद्ध झालं नाही, म्हणून तो सुटला. बोलण्याच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो: ऐकणारे आहेत हे बोलणाऱ्याला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का? फोनवर तो फक्त तुमच्याशी बोलत होता आणि तुम्ही गुपचूप स्पीकर चालू करून घरच्यांना ऐकवलं, तर प्रकरण लगेच कच्चं पडतं. त्याने ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला असेल, तर मात्र प्रश्नच मिटला.

इथे एक सापळा आहे. चिडून ती क्लिप आपणच पन्नास जणांना पाठवतो, ‘बघा हा काय बोलतो माझ्याबद्दल’ म्हणून. त्या पन्नास जणांपर्यंत आरोप तुम्ही पोचवला, त्याने नाही.

४. बोट तुमच्याकडेच होतं का?

नाव घेतलेलं नसेल तर ऐकणाऱ्यांनी तुम्हालाच ओळखलं हे दाखवावं लागतं. ‘हल्ली खजिनदार लोक रंगकाम काढतात’ या वाक्यात नाव नाही, पण त्या सभेत खजिनदार एकच होता.

समूहाबद्दल बोललेलं वाक्य अवघड असतं. कंपनी, संस्था किंवा व्यक्तींचा समूह यांचीही बदनामी होऊ शकते असं कायदा म्हणतो, पण समूह ठरावीक आणि ओळखता येणारा हवा. ‘सगळे बिल्डर चोर’ यावर एखाद्या बिल्डरला फिर्याद चालवता येणं कठीण. अभिनेत्री खुशबू यांच्या मुलाखतीतल्या विधानावरून तमिळनाडूत ठिकठिकाणी फिर्यादी झाल्या होत्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या, कारण विधान कोणा एका व्यक्तीला किंवा ओळखता येईल अशा गटाला उद्देशून नव्हतं. याची दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या प्रचारात कोलारच्या सभेत मोदी आडनावावरून केलेल्या विधानाबद्दल सुरतच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी यांना या कलमातली कमाल, म्हणजे दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि कमाल शिक्षा का दिली याचं कारण खालच्या न्यायालयाने दिलेलं नाही, हे नोंदवलं. तोंडी बोललेलं एक वाक्य कुठवर जाऊ शकतं हे यातून दिसतं, आणि समूहाचा मुद्दा किती वादाचा आहे हेही.

५. समोरच्याची ढाल आधी तपासा

कलमाला दहा अपवाद आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. तोंडी भांडणात उपयोगी पडणारे तीन-चारच.

सत्य हा पहिला. पण फौजदारी प्रकरणात नुसतं ‘मी बोललो ते खरं आहे’ पुरत नाही. ते बोलणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. एखाद्याचा जुना घटस्फोट किंवा आजार चारचौघांत काढून ‘खरंच तर आहे’ म्हणणाऱ्याला इथे अडवता येतं. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पूर्ण बचाव आहे. त्यामुळे आरोपात तथ्याचा अंश असेल तर तो वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरा, अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार. शेजाऱ्याने पोलिसांत, तुमच्या वरिष्ठांकडे किंवा सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तुमच्याविरुद्ध तक्रार केली आणि ती पुढे टिकली नाही, एवढ्याने अब्रुनुकसानी होत नाही. तिसरा, स्वतःच्या किंवा इतरांच्या हितसंबंधाच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. माझ्या प्रकरणात समोरचा याच्याच मागे उभा राहणार होता: सभासदाने सभेत हिशोबाबद्दल बोलायचं नाही तर कुठे? मुद्दा रास्त आहे. पण सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, तपासून बोलणं हा तिचा कायद्यातला अर्थ आहे. हिशोबतपासनिसाचा अहवाल सभेच्या टेबलावर असताना तो न उघडता बोलणं त्यात बसवणं अवघड जातं.

सरकारी सेवकाच्या कामाबद्दल, सार्वजनिक प्रश्नावर किंवा लोकांसमोर सादर केलेल्या कलाकृतीबद्दल सद्भावनेने मांडलेलं मतही सुरक्षित आहे. नगरसेवक, लेखक, गायक यांनी कातडी थोडी जाड ठेवलेली बरी.

६. तुमचं कलम भलतंच तर नाही ना?

अनेकांचं प्रकरण अब्रुनुकसानीत बसत नाही, पण दुसरीकडे अगदी नीट बसतं. यासाठी भारतीय न्याय संहितेतली ही कलमं बघा:

- कलम ३५२: शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान (जुनं ५०४). इथे तिसऱ्याने ऐकण्याची अट नाही. मात्र प्रत्येक शिवी यात बसत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपमान माणसाला शांतता मोडायला भाग पाडेल इतक्या तीव्रतेचा हवा.
- कलम ३५१: धमकी. जिवाची किंवा मालमत्तेची धमकी सगळ्यांना माहीत असते. ‘तुझी बदनामी करीन’ ही धमकीही यात येते, हे कमी लोकांना ठाऊक असतं.
- कलम ७९: स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेले शब्द, आवाज, हावभाव (जुनं ५०९). तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना थेट एफआयआर नोंदवता येतो. मैत्रिणींनो, लैंगिक शेरेबाजी असेल तर अब्रुनुकसानीच्या मागे लागण्याआधी हे कलम बघा.
- कलम २९६: सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द. घाण शिवी आणि अश्लीलता एकच नव्हे, हा मुद्दा बचाव पक्ष इथे काढतो.

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. जातीचं नाव घेऊन, लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी केलेली शिवीगाळ त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं, आणि पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. मात्र चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला प्रकार यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

७. मुदत बघा, आणि मग दिवाणी की फौजदारी ते ठरवा

दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळतं. तोंडी बदनामीत हे वर्ष शब्द उच्चारल्याच्या दिवसापासून मोजायचं. नोटिसांची देवाणघेवाण, मध्यस्थांची बोलणी, ‘दिवाळीनंतर बघू’, यातलं काहीही घड्याळ थांबवत नाही. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं आहेत. त्यामुळे वर्ष उलटून गेलेल्यांना फौजदारीच उरते, आणि वकिलांकडे अशी माणसं बरीच येतात.

फौजदारीत समोरच्याला शिक्षा होते, तुमच्या हातात पैसे पडतातच असं नाही. न्यायालय शुल्क नगण्य. प्रत्यक्ष नुकसान झालं हे दाखवावं लागत नाही. बदनामी व्हावी हा हेतू, किंवा होईल याची जाणीव, पुरते. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे ‘आत टाकतो त्याला’ हे स्वप्न सोडून द्या.

दिवाणीत भरपाई, पुन्हा बोलू नये असा मनाई हुकूम आणि माफीनामा मागता येतो. मागाल त्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावं लागतं, म्हणून वर्तमानपत्रात वाचलेले कोटींचे आकडे डोक्यातून काढा. इंग्लंडच्या कायद्यात तोंडी बदनामीसाठी सहसा प्रत्यक्ष आर्थिक नुकसान दाखवावं लागतं. आपल्या न्यायालयांनी ती अट तेवढी काटेकोर ठेवलेली नाही. स्त्रीच्या चारित्र्यावरच्या तोंडी आरोपाला नुकसानीचा वेगळा पुरावा लागत नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच मान्य केलं. तरी गिऱ्हाईक तुटलं, नोकरीचं बोलणं फिसकटलं, ठरलेलं लग्न मोडलं, असं काही घडलं असेल तर त्याचा कागद जपून ठेवा. रक्कम त्यावरच ठरते.

दोन्ही एकदम करता येतं. माझं मत विचाराल तर, ज्याला धंद्यात नुकसान झालं त्याने दिवाणी बघावं, आणि ज्याला फक्त तोंड बंद व्हायला हवंय त्याने नोटिशीवर थांबायची तयारी ठेवावी.

८. पोलीस ठाण्यात जा, पण मोठी अपेक्षा ठेवू नका

अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेईल, प्रत देईल आणि ‘कोर्टात जा’ म्हणेल. तो टाळतोय असं नाही. कायदाच तसा आहे. या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त बदनामी झालेल्या व्यक्तीच्या फिर्यादीवरून घेतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनात्मक ठरवला, तेव्हाही यात एफआयआर होत नाही हे स्पष्ट केलं.

मग जायचं कशाला? प्रसंगानंतर दोन दिवसांत तुम्ही काय सांगितलं होतं, याची तारखेसह सरकारी नोंद होते. एनसीत वाक्य शब्दशः लिहून घ्यायला सांगा. अंमलदार ‘शिवीगाळ केली’ एवढंच लिहून मोकळा होऊ पाहतो; ते मान्य करू नका.

९. पुरावा: सगळ्यात आधी फोन जपा

रेकॉर्डिंग असेल तर ज्या फोनवर झालं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. फाइल कापू नका, ‘फक्त कामाचा भाग’ ठेवू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे. पेनड्राइव्हवर दिलेल्या रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ओळखता येणारा, तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, असं २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक याचिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (जुन्या कलम ६५ब बद्दल) सांगितलं. मूळ फोनच न्यायालयात हजर केला तर गोष्ट वेगळी.

सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. लेखी मागणी त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या.

साक्षीदार निवडताना बहुतेक जण जिवलग मित्राचं नाव देतात. उलटतपासात त्याला विचारतात, ‘हे ऐकून तुमचं यांच्याबद्दलचं मत बदललं का?’ तो छाती फुगवून म्हणतो, ‘छे, मी यांना वीस वर्षं ओळखतो!’ झालं. फौजदारीत हेतू पुरतो हे खरं, पण ते उत्तर नोंदीत राहतंच. तुम्हाला जेमतेम ओळखणारा, त्या दिवशी तिथे असलेला आणि नंतर ‘खरंच का हो तसं?’ असं विचारून गेलेला माणूस, हा उत्तम साक्षीदार.

वकिलाकडे जाताना हे घेऊन जा:

- पहिल्या पायरीत लिहिलेलं टिपण, मूळ हस्ताक्षरातलं
- हजर असलेल्यांची नावं, पत्ते, फोन
- एनसीची प्रत
- रेकॉर्डिंगचा मूळ फोन
- सभेत घडलं असेल तर सूचनापत्र, हजेरीपट आणि इतिवृत्त
- आरोप खोटा असल्याचे कागद (माझ्या बाबतीत रंगकामाची पावती, बँकेचं खातेपुस्तक आणि लेखापरीक्षण अहवाल)
- नुकसान झालं असल्यास त्याचे कागद
- ओळखपत्र, आणि समोरच्याचं पूर्ण नाव व पत्ता

शेवटच्या बाबीवर हसू नका. समन्स बजावायला पत्ता लागतो, आणि पत्ता चुकला की तारखांमागून तारखा जातात.

१०. नोटीस

कायद्याने नोटीस देणं बंधनकारक नाही, पण द्या. वाक्य, तारीख, जागा, आरोप खोटा कसा, आणि तुम्हाला काय हवंय: माफी, तीही कुठे आणि कोणासमोर. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. नोटिशीत समोरच्यावर नवे आरोप करू नका. आणि नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकायचा मोह तर अजिबात नको, उलट नोटीस येते.

माझं प्रकरण इथेच मिटलं. समोरच्याने पुढच्या सभेत शब्द मागे घेतले आणि ते इतिवृत्तात लिहिले गेले. माफी मागून घेताना एवढी काळजी घ्या की जिथे बोललं गेलं तिथेच, तितक्याच लोकांसमोर ती मागितली जाईल. जिन्यात हात जोडून मागितलेली माफी कागदावर उरत नाही.

११. फिर्याद दाखल केल्यावर

खाजगी फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. शब्द जिथे बोलले गेले तिथलं न्यायालय. तुमचा आणि हजर साक्षीदारांचा शपथेवर जबाब होतो. त्या वेळी वाक्य तुम्ही स्वतः, जसंच्या तसं सांगायचं. शिवी असेल तर शिवीसकट. लाजून ‘अर्वाच्य बोलला’ म्हणालात तर न्यायदंडाधिकाऱ्यांना तपासायला काहीच राहत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलम २२३) एक मोठा बदल केला आहे: फिर्यादीची दखल घेण्याआधीच समोरच्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. म्हणजे तो अपवादांची ढाल घेऊन सुरुवातीलाच येतो. पाचव्या पायरीवर वेळ घालवायला सांगितलं ते यासाठी. समोरचा त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्याआधी आणखी चौकशी होते.

समन्स निघालं की पुढे तारखा. हा समन्स खटला (दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा, सोप्या पद्धतीने चालणारा) असल्यामुळे फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटू शकतो, म्हणून नोकरी फिरतीची असेल तर वकिलाला गैरहजेरीचा अर्ज आधी द्यायला सांगा. फिर्याद निष्कारण केली असं न्यायालयाला वाटलं तर तुम्हालाच भरपाई द्यायला लावता येते. मधेच मिटवावंसं वाटलं तर बदनामी झालेल्या व्यक्तीला तडजोड करता येते. तडजोडीच्या अर्जात माफीचे शब्द अवतरणचिन्हांत लिहून घ्या आणि त्यावर समोरच्याची सही न्यायालयातच घ्या.